शुक्रवारचे एक्केचाळीस नंबर

धुळ्याच्या जुन्या वस्तीत शाझियाला ओळखणारे पुष्कळ, पण ती नेमकं काय करते हे धड सांगेल असा माणूस सापडणं मुश्कील. समोरच्या जमीलाचाची सांगतात, पोरगी मोबाइल कंपनीत आहे. खालचा झेरॉक्सवाला सांगतो, कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि स्वतःचा प्रिंटर अडला की हक्कानं जिना चढून येतो. तिचे वडील नूर महंमद मात्र छाती पुढे काढून सांगतात, माझ्या लेकीचं मुंबईला मशीन आहे. ते मशीन त्यांनी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर शाझियानंही पाहिलेलं नाही. मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत, थंडगार खोलीत, शेकडो मशिनांच्या रांगेत तिचा भाड्याचा सर्व्हर चालू असतो आणि ती इथे पंख्याखाली बसून त्याला हुकूम सोडते, एवढाच दोघांचा संबंध.

काम असं. शाळेला पालकांना कळवायचं असतं की उद्या सुट्टी. रावेरच्या केळीवाल्याला शेतकऱ्यांना सांगायचं असतं की माल भरायला गाडी सकाळी सातला येईल. दवाखान्याला पेशंटला तारीख द्यायची असते. ही सगळी मंडळी शाझियाच्या वेबसाइटवर येतात, मजकूर निवडतात, नंबरांची यादी लावतात आणि बटण दाबतात. पुढचं सर्व्हर बघतो. तो एकेक मेसेज मोबाइल कंपन्यांच्या हवाली करतो आणि मग प्रत्येकाच्या मागे लागतो. पोचला की नावापुढे हिरवा ठिपका. वाटेत थांबला असेल तर पिवळा. पोचलाच नाही तर लाल. शाझिया नव्या गिऱ्हाइकाला ऐकवते, पाठवायला काय, कुणीही पाठवील. पोचला की नाही हे सांगणं हे माझं काम. आणि हे ऐकवताना ती जरा ताठ बसते.

हे सगळं तिला शिकवलं भडगावच्या प्रशीलनं. तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. जळगावात एका खोलीत त्यानं हा धंदा मांडला होता. शाझिया तेव्हा नुकती बी.एस्सी. झालेली, जळगावला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला आलेली आणि चार ठिकाणी नकार ऐकून आलेली. प्रशीलनं तिला पहिल्या दिवशी खुर्ची दिली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरचा पासवर्ड. एकदा तिच्या हातून एका शाळेच्या दोन हजार पालकांना ‘आपल्या केळीचे वजन नोंदवले आहे’ असा मेसेज गेला. प्रशील आधी पोट धरून हसला, मग त्यानंच हेडमास्तरांना फोन लावला आणि चूक स्वतःच्या नावावर घेऊन माफी मागितली. पुढे त्याला पुण्याची नोकरी लागली तेव्हा सर्व्हर, गिऱ्हाइकं, सगळं त्यानं तिच्या हवाली केलं. अट एकच घातली, रोज बॅकअप घ्यायचा. शाझिया धुळ्याला घरी परत आली ती सहा वर्षांपूर्वी. तेव्हापासून तिच्या दुआत प्रशीलभाऊचं नाव रोज असतं, आणि एक दिवसही बॅकअप चुकलेला नाही.

वडिलांचंही ती मानते, आणि ते बोलून दाखवते. नूर महंमद तीस वर्षं यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान अधू झाले, पण मुलीनं शिकावं की नाही याबद्दल वस्तीतल्या शहाण्यांनी जे काही सांगितलं ते त्यांना त्याही आधी कधी ऐकू गेलं नव्हतं.

असं सगळं छान चाललेल्या माणसात एखादी खोड असतेच. शाझियाला पसारा खपत नाही. तिच्या टेबलावर पेन आडवं पडलेलं चालत नाही, तिथं सर्व्हरवर मेलेले नंबर कसे चालतील? म्हणून तिनं एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो सगळ्या याद्यांवरून हात फिरवायचा आणि ज्या नंबरावर लागोपाठ तीन वेळा लाल ठिपका पडला असेल तो नंबर यादीतून काढून टाकायचा. ती त्याला ‘झाडू’ म्हणायची. गिऱ्हाइकंही खूश असत, कारण झाडू फिरला की अहवाल कसा हिरवागार दिसे.

तिच्या गिऱ्हाइकांत धुळ्यातल्या एका ट्रस्टचं सिकलसेलचं केंद्र होतं. हा आजार वाईट. तांबड्या पेशी वाकड्या होतात, अंगात रक्त टिकत नाही, आणि हातपाय असे दुखतात की मोठा माणूसही रडकुंडीला यावा. मग पोरांचं काय. गोळ्या रोज घेतल्या तर दुखणं आवरतं, पण रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर पुढच्या गोळ्या देत नाहीत. डॉक्टरीण नाशिकहून महिन्यातून एकदा, कुठल्या तरी सोमवारी यायची. तो सोमवार दर महिन्याला बदलायचा, म्हणून मेसेज. केंद्राचा कारभार बन्सीलाल बघत. पूर्वी कंपाउंडर होते, साठी उलटलेली, सगळे त्यांना नाना म्हणत. नाना दोन वर्षं दर खेपेला गुरुवारी दुपारी चारला मेसेज पाठवायचे. का, तर गुरुवारी दुपारी त्यांना वेळ असे.

शाझियाला हे बेशिस्त वाटलं. सगळे दवाखाने मंगळवारी सकाळी दहाला, सगळ्या शाळा बुधवारी, केळीवाले रोज, असं तिनं एक सुंदर वेळापत्रक बसवलं. नानांना सांगितलं की आता तुम्हाला बटणही दाबायला नको, मंगळवारी आपोआप जाईल. नानांनी तिला आशीर्वाद दिला.

या गोष्टीला चार महिने होत आले, आणि डिसेंबरातल्या एका बुधवारी सकाळी शाझियाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर पदर, पायांत प्लास्टिकच्या चपला आणि खांद्याला एक भली मोठी पिशवी, जिच्यातून सुकट-बोंबलाचा वास खोलीभर पसरला. शाझियानं पटकन उठून खिडकी उघडली आणि मग स्वतःचीच लाज वाटून पाण्याचा तांब्या पुढे केला.

बाईचं नाव द्रौपदाबाई. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातल्या एका पाड्यावर राहणारी. ती आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. घरात ती आणि नात सपना. सपना अकरा वर्षांची, सिकलसेलची. द्रौपदाबाई पहाटेच्या एस.टी.नं आधी केंद्रावर गेली होती. नानांनी यादी बघितली, त्यात सपनाचं नाव नाही म्हणून तेही गोंधळले आणि मेसेजचं त्या शाझियाताईला ठाऊक असं म्हणून त्यांनी पत्ता लिहून दिला. हे सगळं सांगून झाल्यावर ती पाणी न पिताच हात जोडून म्हणाली, “माय, आम्हनं काय चुकनं? आखाडमा एक खेप गाडी भेटनी नही, म्हनीसन तारीख ऱ्हायी गयी. ती चूक मनी शे. पन तेन्हा करता पोरनं नाव नका काढू. पोर लई दुखमा शे.”

शाझियाला आधी काही समजेना. मग ध्यानात आलं. ही बाई तक्रार करायला आलेली नव्हती, माफी मागायला आली होती. एका महिन्याची तारीख हुकली म्हणून केंद्रानं शिक्षा केली आणि नाव कमी केलं, असा तिचा समज झाला होता. एकट्या तिचाच नव्हे. आसपासच्या पाड्यांवर जिथं जिथं हे आजारी लेकरू होतं तिथं सगळ्यांनी हेच धरलं होतं. मेसेज येत नाही म्हणजे आपल्याला बोलावलेलं नाही. सरकारी-बिनसरकारी दारांतून परत यायची सवय झालेली माणसं, ती विचारायला जातीलच कशाला? तीन महिने कुणाच्या गोळ्या नव्हत्या. सपना पंधरा दिवस अंथरुणावर होती.

शाझियानं सपनाचा नंबर सर्व्हरवर शोधला. सापडला तो झाडूच्या टोपलीत. सप्टेंबर लाल, ऑक्टोबर लाल, नोव्हेंबर लाल, एक डिसेंबरला यादीतून काढला. तिनं टोपलीतली केंद्राची सगळी नावं उघडली. शेहेचाळीस. एवढे नंबर एकदम मेले कसे, हा प्रश्न तिला लाल ठिपके पडत होते तेव्हाच पडायला हवा होता, पण झाडू फिरला की अहवाल हिरवागार व्हायचाच ना.

तिनं द्रौपदाबाईला विचारलं, फोन बंद असतो का? तशी ती सहज म्हणाली, “आम्हना गावमा रेंजच नही, त चालू ठीसन काय करो? बठ्ठास्ना फोन बंद ऱ्हातस. शुक्रवारले बजारमा उनात का चालू करतस. तठेच चार्जिंग करतस, तठेच बोलतस.”

म्हणजे हे सगळे फोन आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी बाजारात आल्यावर चालू होत. शाझियानं जुने अहवाल काढले. दोन वर्षांचे. नाना गुरुवारी चारला मेसेज पाठवत, आणि या शेहेचाळीसपैकी एक्केचाळीस नंबर दर खेपेला शुक्रवारी, सकाळी दहा ते दुपारी दीडच्या दरम्यान, एकामागून एक हिरवे झालेले. एकदाही गुरुवारी नाही, एकदाही शनिवारी नाही. बाजाराच्या वेळेचा शिक्काच होता तो. उरलेले पाच नंबर खरोखरच बंद पडलेले होते. मोबाइल कंपनी न पोचलेला मेसेज अठ्ठेचाळीस तास जपून ठेवते आणि मग टाकून देते. गुरुवारचा मेसेज शुक्रवारच्या बाजारापर्यंत आरामात जगायचा. शाझियाचा मंगळवारचा मेसेज गुरुवारी सकाळी दहाला मरायचा, बाजार भरायच्या बरोबर एक दिवस आधी. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या सवडीनं एक्केचाळीस लेकरांना दोन वर्षं सांभाळलं होतं, आणि शाझियाच्या शिस्तीनं ती तीन महिन्यांत झाडून टाकली होती.

खोटं बोलायला फार सोपी जागा होती. सर्व्हरमध्ये बिघाड झाला असं म्हटलं असतं तर समोरच्या बाईला काय कळणार होतं? पण प्रशीलच्या हाताखाली शिकलेली पोर ती.

“अक्का,” ती म्हणाली, “नाव केंद्रानं नाही काढलं. तुमचं काहीच चुकलेलं नाही. मी काढलं. माझ्या हातून झालं.”

आणि मग तिनं मंगळवार, गुरुवार, अठ्ठेचाळीस तास, सगळं उलगडून सांगितलं. द्रौपदाबाईनं शांतपणे ऐकलं. शाझिया बोलणी खायच्या तयारीनं बसली होती. बाई तांब्या उचलून वरून गटागटा पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “तुले तरी काय ठाऊक, माय? तुनं गाव अन् आम्हनं गाव, मधमा केवढा डोंगर शे.” मग खुदकन हसून विचारलं, म्हणजे पोरीचं नाव गेलेलं नाही ना? नाही म्हटल्यावर तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. या एवढ्या मोठ्या मनाचं काय करावं हे शाझियाला कळेना. ती उठली आणि चहा टाकायला आत गेली, आणि आत जरा वेळ लागला.

पुढची तपासणी येत्या सोमवारी होती. मधे बाजार एकच, परवाचा शुक्रवार. तो हुकला तर पुन्हा महिना गेला, आणि तीन महिने गोळ्या नसलेल्या पोरांना आणखी एक महिना म्हणजे काय हे द्रौपदाबाईनं वेगळं सांगायची गरज नव्हती. नानांनी केंद्रातल्या थोड्या गोळ्या सपनापुरत्या दिल्या, तेही डॉक्टरणीला फोनवर विचारून, आणि बजावलं की सोमवारी आणलंच पाहिजे. बाकीच्या चाळिसांपर्यंत निरोप जायचा तो शुक्रवारीच.

मेसेज पाठवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं. नियम असा आहे की मोबाइल कंपन्यांकडे आधी मंजूर केलेला मजकूरच पाठवता येतो, त्यात फक्त नाव आणि तारीख बदलायची. केंद्राच्या मंजूर मजकुरात तपासणीची तारीख होती, पण ‘तुमचं नाव काढलेलं नव्हतं, चूक आमची होती’ असं कुठंच नव्हतं. नवा मजकूर मंजूर व्हायला चार-पाच दिवस. आणि नाव काढलं म्हणून रुसलेली, घाबरलेली माणसं नुसत्या तारखेवर विश्वास ठेवतील का? शाझियानं हे वडिलांना सांगितलं, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी. नूर महंमदांनी सगळं ऐकून एकच विचारलं, आमच्या मागावर एक धागा तुटला तर माग थांबवायचो आम्ही, तुझ्या मशीनमध्ये एक्केचाळीस तुटले आणि ते चालूच होतं? मग त्यांनीच सांगितलं, तुटलेला धागा हातानंच जोडावा लागतो, जा.

गुरुवारी दुपारी चारला तिनं एक्केचाळीस मेसेज सोडले. एक्केचाळीस पिवळे ठिपके. शुक्रवारी सकाळी ती साक्रीच्या एस.टी.त बसली आणि तिथून जीपनं पुढे बाजाराला गेली.

बाजार ओढ्याकाठच्या माळावर भरला होता. नागली, मिरची, बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, पोरांचे स्वेटर. द्रौपदाबाई तिच्या पाटीमागे बसली होती. शाझियाला बघताच तिनं पाटी शेजारणीवर सोपवली आणि पदर खोचून उठली. बाजाराच्या तोंडाशी एक टपरी होती. तिच्यात लांब फळीवर प्लगांची रांग आणि त्यांना लटकलेले पंचवीस-तीस फोन, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलेलं नाव. बायामाणसं यायची, कमरेच्या पिशवीतून फोन काढून द्यायची आणि बाजार करायला निघून जायची. टपरीवाला फोन लावायचा, चालू करायचा, आणि तो फोन आठवडाभराची झोप मोडून एकदम टणटण वाजायला लागायचा.

शाझियानं स्वतःच्या मोबाइलवर सर्व्हरचं पान उघडलं. एक्केचाळीस पिवळे. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला हिरवा झाला. नंबर जीवराम या नावावर होता, पेशंट त्याचा नातू. तिनं मान वर केली. टपरीपासून दहा पावलांवर एक म्हातारा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होता, मग लांब धरून बघत होता. सहा वर्षांत शाझियानं लाखो मेसेज पाठवले होते, आणि मेसेज पोचताना माणसाचा चेहरा कसा होतो हे ती आज पहिल्यांदा बघत होती.

ती त्याच्याकडे गेली. काय बोलायचं ते तिनं एस.टी.त पाठ केलं होतं, पण अर्ध्यावरच तिला हुंदका आला. द्रौपदाबाईनं पुढे होऊन सांगितलं, “जीवराम आबा, तुना नातूनं नाव काढेल नव्हतं. हाई बाईना मशीननी चूक व्हती, अन् तीच सांगाले उनी शे. सोमवारले बठ्ठास्नी तपासनीले धुये जानं शे.” शाझिया मधेच म्हणाली, मशीनची नाही, माझी. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, फोन खिशात ठेवला आणि विचारलं, एवढ्यासाठी तू धुळ्याहून आलीस?

मग तेच सुरू झालं. हिरवा ठिपका पडला की द्रौपदाबाई नाव ऐकून सांगायची, ही मिरचीवालीजवळ असेल, तो कोंबड्यांकडे असेल, आणि दोघी गर्दीतून त्याला गाठायच्या. शाझिया प्रत्येकाची माफी मागत होती. तिला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. आपलं लेकरू तीन महिने तळमळलं त्याचा जाब विचारेल. एकीनं विचारलाही. सुनंदाबाई तिचं नाव, कडेवर मूल. तिनं विचारलं, आमचे फोन बंद असतात हे तुम्हाला माहीत का नव्हतं? शाझियानं मान खाली घातली आणि म्हणाली, विचारलं नाही कधी. सुनंदाबाईनं पदरातली मूठभर बोरं तिच्या हातात ठेवली. म्हणाली, आता विचारत जा.

दुपारी दीडपर्यंत अडतीस हिरवे झाले. दोन घरं ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, त्यांचे फोनही त्यांच्यासोबत. ते निरोप कसे पोचवायचे हे द्रौपदाबाईनं मुकादमाचं नाव सांगून शाझियाला वहीत लिहून घ्यायला लावलं. एक ठिपका मात्र पिवळाच होता. बाजार उठायला लागला तरी पिवळाच. शाझियानं नाव बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“अक्का, तुमचा फोन कुठंय?”

द्रौपदाबाईनं पिशवीत हात घालून बोंबलांच्या कागदाखालून फोन काढला. बंद. सकाळपासून तिनं अडतीस जणांना त्यांचे फोन बघायला लावले होते आणि स्वतःचा चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. ती इतकी हसली की टपरीवालाही हसायला लागला. फोन लावला, चालू झाला, वाजला. एकोणचाळीस.

परतताना जीपमध्ये शाझियाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ही बाई त्या बुधवारी आली नसती तर? सर्व्हरनं काहीच सांगितलं नसतं. अहवाल हिरवाच राहिला असता, नाना तिला आशीर्वाद देत राहिले असते आणि ती नव्या गिऱ्हाइकासमोर ताठ बसत राहिली असती. डोंगरातल्या पोरांचं काय झालं हे तिला जन्मभर कळलं नसतं. एस.टी.चे तीन तास, वर एका दिवसाचा बाजार बुडवून एक बाई माफी मागायला आली, जी चूक तिची नव्हतीच, आणि त्यामुळे शाझिया वाचली. उपकार हा शब्द तिला अपुरा वाटला. शनिवारी तिनं झाडू कायमचा बंद केला. केंद्राचा मेसेज गुरुवारी चारला लावला आणि नानांना सांगितलं, तुमची वेळच बरोबर होती. नाना चकितच झाले.

सोमवारी केंद्रासमोर दोन जीप आणि एक पिकअप येऊन थांबली. शाझिया नानांच्या शेजारी यादी घेऊन बसली होती. एकोणचाळीसपैकी सदतीस पोरं आली. एकाला वाटेत ताप भरला म्हणून परत नेलं होतं, एकाच्या घरी मयत झाली होती. त्या दोघांना पुढची तारीख देऊन ठेवली. सपना सगळ्यांत शेवटी उतरली, आजीच्या दंडाला धरून. डोळे पिवळट, हात काडीसारखे, केसांना नवी कोरी रिबीन. डॉक्टरणीनं तिचं रक्त बघितलं आणि नानांना बाजूला घेऊन सांगितलं की हिला आजच रक्त चढवावं लागेल. वेळेत आणली, आणखी दोन आठवडे गेले असते तर हातची गेली असती. नानांनी ते तसंच्या तसं शाझियाला येऊन सांगितलं. जे घडलं नाही त्याचे आभार कुणाचे मानायचे, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शाझियानं खाली मान घालून ते मानले.

रक्ताची पिशवी यायला वेळ होता. सपना बाकावर येऊन तिच्याशेजारी बसली. आजीनं सगळं सांगितलेलं दिसत होतं. तिनं शाळेतल्या मराठीत विचारलं, “मेसेज तुम्हीच पाठवता ना?”

शाझियानं हो म्हटलं. सपनानं आजीचा फोन उघडून तिच्यापुढे धरला. त्यात दोन वर्षांचे मेसेज ओळीनं होते, एकही पुसलेला नाही. ‘नमस्कार. सपना यांची तपासणी या तारखेस आहे.’ खाली तेच, तारीख दुसरी. खाली परत तेच. तीन महिन्यांचा खंड सोडून सगळ्यांत वर शुक्रवारचा.

“ह्यात माझं नाव येतं,” सपना म्हणाली. “फोनवर बाकी बठ्ठं कंपनीचंच येतं. आजीच्या नावानंपण कधी येत नाही. हे एकटं माझ्या नावानं येतं. म्हणून ठेवलेत.”

शाझियानं ते वाक्य किती वेळा पाठवलं असेल त्याची गणती नाही. तिच्या पडद्यावर नावाच्या जागी नुसता एक रिकामा चौकोन असायचा. त्या चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हे असं सांभाळून ठेवतं, हे तिला आज, या बाकावर कळलं. तिला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण दुखत असेल म्हणून तिनं फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

“सपना,” ती म्हणाली, “तुझे फार उपकार झाले.”

“माझे?” सपना हसायला लागली. “आजी म्हणे, तुमचे मानायचे. मी आता तेच म्हणणार होते.”

आतून नर्सनं नाव पुकारलं. सपना उठली, आजीला हाक मारली, आणि आत फोन न्यायचा नसतो म्हणून तो शाझियाच्या हातात दिला. सांभाळा, बंद नका करू, असं सांगून ती आत गेली. तासाभरानं ती बाहेर येईपर्यंत शाझिया तो फोन दोन्ही हातांत धरून दाराशी बसून होती.